एका फ्लॅशगनवर अख्खं लग्न: सांगली-मिरजेकडच्या मांडवांसाठी कामाचं मार्गदर्शन

मंगल कार्यालयात नवखा फोटोग्राफर लांबूनच ओळखू येतो. फ्लॅशचं डोकं सरळ नवरीच्या तोंडावर रोखलेलं असतं. निघालेल्या फोटोत चेहरा पांढराफटक, कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतोय, मागचा हॉल काळाकुट्ट आणि पडद्यावर दोघांच्या कडक सावल्या. शालूची जर बर्न झालेली, म्हणजे नक्षी उडून नुसती पांढरी पडलेली असते. मुंडावळ्यांचे मोती म्हणजे नुसते पांढरे ठिपके.

ज्यांच्याकडे एक कॅमेरा, एक फ्लॅशगन आणि फार तर एक ट्रिगर (कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला फ्लॅश उडवायचं यंत्र) आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. काम विश्रामबागेतल्या एसी हॉलचं असो नाहीतर जत-आटपाडीकडच्या वस्तीवरच्या मांडवाचं, फ्लॅश उडवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा उजेड कशावर आदळून माणसापर्यंत पोचणार आहे? फ्लॅश कुठल्या कंपनीचा, हे मी शेवटी विचारतो.

आधी हिशेब समजून घ्या

फ्लॅश लावून काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन उजेड मिसळलेले असतात. एक हॉलचा आधीपासून असलेला, दुसरा फ्लॅशचा. बादलीवर गरम आणि गार पाण्याचे दोन वेगळे नळ असावेत, तसे हे दोन वेगवेगळे सोडता येतात.

फ्लॅश पेटतो आणि विझतो तो फार थोड्या वेळात. फुल पॉवरला साधारण १/३०० सेकंद, पॉवर कमी केली की त्याहून कितीतरी कमी. तेवढ्या वेळात शटर पूर्ण उघडं असलं की झालं. मग ते १/६० ला ठेवा नाहीतर १/२०० ला, फ्लॅशचा उजेड तेवढाच येणार. हॉलचा उजेड मात्र शटर जितका वेळ उघडं तितका साचत राहतो. म्हणून शटर हा हॉलचा नळ आणि फ्लॅशची पॉवर हा फ्लॅशचा नळ. ॲपर्चर (लेन्सचं भोक) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती दाद देतो ते माप) या दोन्ही उजेडांना एकदम कमी-जास्त करतात.

शटरला वरची एक मर्यादा असते, ती म्हणजे सिंक स्पीड. बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५० असते. त्याच्या वर गेलात तर शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे राहत नाहीत आणि फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंक चालू केलं की पट्टा जातो, कारण तेव्हा फ्लॅश एकदाच न उडता भराभर तुकड्यातुकड्यांनी उडतो. त्यात ताकद बरीच खर्ची पडते. बंद हॉलमध्ये त्याची गरज नसते.

ताकद मोजायचं माप म्हणजे गाइड नंबर. गाइड नंबर भागिले अंतर म्हणजे लागणारं ॲपर्चर. समजा तुमच्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला, मीटरमध्ये ४० आहे. मग एफ ८ ला तो ५ मीटरपर्यंत पोचेल आणि एफ ४ ला १० मीटरपर्यंत. आयएसओ चौपट म्हणजे ४०० केला की गाइड नंबर दुप्पट होतो. डब्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटर झूमला असतानाचा असतो. ३५ मिलिमीटरला तोच फ्लॅश बराच खाली येतो, त्यामुळं आकडा बघून भाळू नका.

मांडवात शिरल्या शिरल्या

बॅग खाली ठेवायच्या आधी मान वर करा. छत किती उंच आहे, कुठल्या रंगाचं आहे, आणि मंचाच्या आसपास पांढरी भिंत कुठं आहे, या तीन गोष्टींवर पुढचं सगळं काम ठरतं.

छत पांढरं आणि तीन-चार मीटरवर असेल तर निम्मं काम झालंच. फ्लॅशचं डोकं वर आणि जरा मागं, म्हणजे तुमच्या खांद्यावरून पाठीमागं जाईल असं वळवा. सगळं छत आणि मागची भिंत मिळून एक मोठा दिवा होतो, आणि मोठ्या दिव्याचा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. सरळ वर रोखलात तर डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते. नऊवारीतल्या आज्जींचा चेहरा अशा फोटोत दहा वर्षांनी म्हातारा दिसतो आणि बोलणी तुम्हाला बसतात.

सुरुवातीसाठी हे आकडे धरा: मॅन्युअल मोड, आयएसओ ८००, एफ ४, शटर १/१००, फ्लॅश मॅन्युअलवर १/८. पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवून काढा. हॉल जरा अंधारलेला, तरी ओळखू येईल इतका दिसायला हवा. फारच काळा असेल तर शटर १/६० करा. मग फ्लॅश चालू करा आणि फक्त त्याची पॉवर बदलत चेहरा जुळवा. हाच क्रम ठेवा, आधी हॉल आणि मग चेहरा. उलट केलंत तर दोन्ही नळ एकमेकांत अडकतात आणि प्रत्येक फोटोला नवा घोळ होतो.

छत सहा-सात मीटर उंच असेल तर उजेडाला वर जाऊन खाली यायला दहा मीटर पडतात, आणि एवढ्या पल्ल्यात फुल पॉवरलाही तो जेमतेम पुरतो. अशा वेळी छताचा नाद सोडा आणि बाजूच्या भिंतीचा आधार घ्या. भिंतही नसेल तर पांढऱ्या कपड्यातला माणूस शोधा. सांगायला गंमत वाटते, पण धोतर-सदरा-टोपीतल्या पाहुण्यांची रांग हा आपल्याकडचा उत्तम रिफ्लेक्टर आहे. तीन-चार मीटरवर उभ्या अशा रांगेकडं डोकं वळवलं की नवरीच्या गालावर उजेड येतो, तोही फुकटात. फक्त डोकं छातीच्या उंचीवर वळवा, कुणाच्या डोळ्यांत नको.

खरा त्रास रंगीत मांडवाचा. गुलाबी, केशरी, हिरवं कापड वर असेल तर फ्लॅश तोच रंग घेऊन परत येतो. हिरव्या मांडवाखालची नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते आणि एडिटिंगमध्ये ते धड सुधारत नाही, कारण शालूचा रंगही त्यासोबत सरकतो. रंगीत कापड दिसलं की बाउन्स, म्हणजे छतावर-भिंतीवर आदळून उजेड घेणं, बंद. फ्लॅश स्टँडवर घ्या, पांढरी छत्री लावा आणि ट्रिगरनं उडवा. स्टँडला वाळूची पिशवी नाहीतर पाण्याचा कॅन अडकवा, कारण आपल्याकडच्या लग्नात पोरं पळत असतात आणि पंखे जोरात असतात.

फ्लॅशवर बसवायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टोपीबद्दल एक सांगतो, कारण ती लावून उघड्या माळावर फोटो काढणारे खूप दिसतात. खोलीत ती उजेड चारी बाजूंना पसरवते आणि भिंतींवरून परत आणते, म्हणून तिथं उपयोगी पडते. उघड्यावर परत आणायला भिंतच नसते. तिथं उजेडाचा उगम तेवढाच लहान राहतो, सावली तेवढीच कडक राहते आणि बॅटरी मात्र लवकर बसते.

रंगाचं गणित

फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, साधारण ५५०० केल्विनचा. मंचावरचे पिवळे हॅलोजन ३२०० च्या आसपास. दोन्ही एका फोटोत आले की चेहरा ठीक आणि मागचं सगळं नारिंगी. फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते सांगणारी कॅमेऱ्याची सेटिंग, त्या बाजूला नेला की दोन्ही उजेड जुळतात. मी अर्धं जेल वापरतो, पूर्ण नाही. मागं थोडी ऊब राहिलेली चांगली दिसते.

हळदीला वेगळा सापळा असतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तिच्या रंगाचं कौतुक सगळ्यांना आहे, पण ऑटो व्हाइट बॅलन्सला ते कळत नाही. सगळीकडं पिवळंच दिसलं की तो ते पिवळं मारायला जातो. मग हळद फिकट आणि कपडे निळसर होतात. हळद सुरू व्हायच्या आधी राखाडी कार्डावर व्हाइट बॅलन्स ठरवून टाका आणि नंतर हात लावू नका. मागचा पडदाही पिवळाच असतो, त्यामुळं त्याच्याकडं फ्लॅश उडवू नका. आणि एक घरगुती सूचना, करवल्या हळद घेऊन तुमच्याकडंही येणारच, तेव्हा फ्लॅशच्या डोक्याला पातळ पारदर्शक पिशवी बांधून ठेवा.

अंतरपाट, अक्षता, होम

लग्नातला सगळ्यात अवघड मिनिट हाच. अंतरपाट पांढरा असतो आणि बऱ्याचदा तुमच्या सगळ्यात जवळ असतो. फ्लॅश समोरून मारला तर कापड बर्न होतं, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक उडून जातं आणि पलीकडचे दोन चेहरे अंधारात राहतात. त्यामुळं अंतरपाटाच्या रेषेत, म्हणजे कापडाची कड तुमच्याकडं येईल असे उभे राहा. मग एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी आणि मधे पातळ रेघेसारखं कापड मिळतं. फ्लॅश छतावर. भटजींना आधी नम्रपणे विचारून ठेवा की अंतरपाट कुठल्या बाजूला काढणार. ते सांगतात, फक्त मंगलाष्टकं सुरू झाल्यावर विचारायचं नाही.

शेवटच्या ‘सावधान’ला अक्षता उडतात. उडता दाणा हवेत थांबवायला वेगवान शटर लागतं असं वाटतं, पण इथं काम फ्लॅशचं आहे. १/८ पॉवरला फ्लॅश १/१००० सेकंदापेक्षाही कमी वेळ पेटतो, आणि तेवढ्यात दाणा कुठं जाणार? अट एकच. हॉलचा उजेड फ्लॅशपेक्षा निदान दोन स्टॉप खाली, म्हणजे चौथाई किंवा त्याहून कमी हवा, नाहीतर प्रत्येक दाण्यामागं धुरकट शेपूट येतं. म्हणून त्या मिनिटापुरतं शटर १/२०० करा.

एडिसनच्या बल्बला दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १८८७ साली, जर्मनीत मॅग्नेशियमची पूड पेटवून फोटो काढायची रीत आली. तिचा धूर आणि भडका इतका असायचा की मांडवात कुणी तिला उभंही केलं नसतं. पुढं १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टननं विजेवरचा फ्लॅश इतका पक्का केला की दुधाच्या थेंबाचा उडालेला मुकुट फोटोत पकडता आला. अक्षतांचा फोटो त्याच घराण्यातला आहे.

जवळचे दाणे मात्र सांभाळा. फ्लॅश थेट समोर असेल तर कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावरच्या दाण्यावर नवरीपेक्षा कितीतरी पट उजेड पडतो आणि फोटोभर पांढरे डाग येतात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणजेच अंतर निम्मं झालं की चौपट.

होमाच्या धुराला हाच नियम लागतो. समोरून मारलेला फ्लॅश धुरावरूनच परत येतो आणि सगळा फोटो राखाडी होतो. फ्लॅश स्टँडवर जोडप्याच्या तिरप्या मागं ठेवा, फोटोत दिसणार नाही असा. मग तोच धूर उजळून निघतो आणि मागचा पसारा त्यात झाकला जातो. वरातीतल्या गुलालाचंही तसंच. समोरून मारलात तर गुलालाच्या प्रत्येक कणाचा पांढरा गोळा होतो. मागून मारलात तर गुलाल पेटल्यासारखा दिसतो. मागून मारायला मित्राच्या हातात फ्लॅश द्या आणि ‘नवऱ्याच्या डोक्यामागं धर’ एवढंच सांगा.

गोरज मुहूर्त आणि भर दुपार

गोरज मुहूर्ताला आकाश निळं असतं, मांडवातले दिवे लागलेले असतात आणि फोटो सुंदर येतात. मात्र उजेड दर काही मिनिटांनी उतरत जातो. ऑटोवर राहिलात तर प्रत्येक फोटो वेगळा येईल. मॅन्युअलवर राहा आणि क्रमानं जा. सुरुवात १/२०० शटरनं. आकाश काळवंडायला लागलं की १/१२५, मग १/६०. इथपर्यंत फ्लॅशला हात लावायचा नाही, कारण चेहऱ्यावरचा उजेड बदलत नाही. १/६० च्या खाली जायची वेळ आली की आयएसओ दुप्पट करा आणि त्याच क्षणी फ्लॅशची पॉवर निम्मी करा. दर वेळी हीच जोडी. अंधार पूर्ण पडेपर्यंत फोटोंचा पोत एकसारखा राहतो.

दुपारी साडेबाराचा मुहूर्त आणि मांडवाबाहेर जोडप्याचा फोटो हवाय, तर जोडप्याला उन्हाकडं पाठ करून उभं करा. आयएसओ १००, शटर १/२००, एफ ११ ला कडक ऊन बरोबर येतं. गाइड नंबर ४० चा फ्लॅश फुल पॉवरला एफ ११ वर साडेतीन मीटर पोचतो, निम्म्या पॉवरला अडीच. म्हणजे दोघांचा फोटो होईल, वीस जणांचा नाही. वीस जणांना सरळ लिंबाच्या सावलीत न्या. उन्हाशी भांडून जिंकेल एवढी एक फ्लॅशगन नसते.

ग्रुप फोटो

मंचावरचा ग्रुप म्हणजे दोन-तीन रांगा. फ्लॅश पहिल्या रांगेपासून २ मीटरवर आणि मागची रांग ४ मीटरवर असेल तर मागच्यांना चौथाई उजेड मिळतो, आणि मागं नेमके नवऱ्याचे मामा उभे असतात. फ्लॅश पहिल्या रांगेपासून ५ मीटर लांब घेतला आणि मागची रांग ७ मीटरवर आली, तर मागच्यांना जवळपास निम्मा मिळतो. म्हणून ग्रुपला फ्लॅश लांब आणि उंच. पॉवर वाढवावी लागेल, ती वाढवा.

डोळे मिटलेले फोटो फार येत असतील तर टीटीएल, म्हणजे फ्लॅशची पॉवर आपोआप ठरवणारा मोड, बंद करून बघा. टीटीएलमध्ये मोजमापासाठी खऱ्या फ्लॅशच्या किंचित आधी एक छोटा फ्लॅश उडतो, आणि काहींच्या पापण्या त्यालाच मिटतात. मॅन्युअलमध्ये तो नसतो.

चष्मेवाल्यांच्या काचेवर पांढरा डाग दिसला तर फ्लॅश वर आणि बाजूला सरकवा. काचेवर उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो, त्या वाटेवर लेन्स नको. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत कुणी सतारीचे फोटो काढायला सांगितले तर हेच ध्यानात ठेवा. पॉलिश केलेला भोपळा चष्म्याच्या काचेसारखाच वागतो, फक्त गोल असल्यानं डाग कुठून तरी येतोच. तिथं डाग घालवण्यापेक्षा मोठ्या पांढऱ्या कापडातून उजेड सोडून तो डाग लांबट आणि मऊ करायचा.

लाल डोळ्यांचं कारणही कोनच. लेन्सला चिकटलेल्या फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांवरून थेट लेन्समध्ये परत येतो. बाउन्स केलंत की हा प्रश्नच उरत नाही.

व्हिडिओवाला आणि एलईडी वॉल

व्हिडिओवाल्याशी सकाळीच बोलून घ्या. त्याचा लाइट सतत चालू असतो, आणि तुमचा फ्लॅश त्याच्या प्रत्येक शॉटमध्ये एक पांढरा झटका सोडतो. मंगळसूत्र घालताना कोण कुठल्या बाजूला उभं राहणार, ते आधी ठरवा. दोघांनी एकाच बाजूनं लढण्यात अर्थ नाही. दुसरा फोटोग्राफर त्याच कंपनीचे ट्रिगर वापरत असेल तर चॅनेल बदला, नाहीतर त्याच्या क्लिकला तुमचा फ्लॅश उडत बसेल. ऑप्टिकल स्लेव्ह मोड लग्नात नकोच, तो कुणाच्याही फ्लॅशला दाद देतो.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साध्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की फोटोत पट्टे येत नाहीत. मंचामागच्या एलईडी वॉलचा वेग वेगळा असतो, तिथं आधी एक चाचणी फोटो काढून पट्टे तपासा. आणि वॉलच्या दिशेनं फ्लॅश कधीच नको, तिचं चित्र धुऊन निघतं.

बॅटरी आणि सुरक्षितता

पेन्सिल सेलचा फ्लॅश असेल तर रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या. फ्लॅश पुन्हा भरायला ते साध्या अल्कलाइनपेक्षा कमी वेळ घेतात. चार-चारचे संच करा, मार्करनं क्रमांक टाका आणि संच मिसळू नका. एक कमकुवत सेल बाकी तिघांना खाली ओढतो. सलग फुल पॉवरला उडवत राहिलात तर फ्लॅश तापून स्वतःच मंदावतो. त्यावर उपाय म्हणजे आयएसओ वाढवून पॉवर १/४ च्या खाली ठेवणं.

कुणी घरातला जुना फिल्मच्या काळातला फ्लॅश दिला तर तो तपासल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या पिनवर २०० व्होल्टच्या वर दाब येतो, त्यात कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं. आणि कुठलाही फ्लॅश उघडून बघायचा नाही. सेल काढले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास भार साठून राहिलेला असू शकतो.

जोडपं लग्नानंतर देवदर्शनाला जातं. गाभाऱ्यात फ्लॅश नको, आधी विचारा आणि नाही म्हटलं तर लेन्सचं तोंड खाली. बैलजोडी किंवा घोडा असेल तर जनावराच्या डोळ्यांसमोर फ्लॅश उडवू नका. वरातीत घोडा बिथरला तर वर नवरा बसलेला असतो.

घरी सराव

मोठ्या कामाआधी एक संध्याकाळ काढा. पांढऱ्या भिंतीच्या खोलीत धाकट्या भावाला नाहीतर तांब्या-कलशाला खुर्चीवर बसवा. दिवा चालू ठेवून शटर १/२०, १/६०, १/२०० असं बदलत जा आणि फ्लॅश तसाच ठेवा. मागची खोली काळवंडत जाईल, कलश तसाच राहील. मग शटर १/१०० वर थांबवून फ्लॅश १/६४ पासून एकेक पायरी चढवा. शेवटी डोकं छताकडं, डावीकडच्या भिंतीकडं, मागं आणि थेट समोर असं फिरवून चारी फोटो शेजारी ठेवा. कलशाच्या फुगीर अंगावर उजेडाचा डाग कुठं आणि केवढा पडला ते बघा. चेहऱ्यावरही तो तिथंच आणि तेवढाच पडतो.

नुसता मोबाइल असेल तर त्याचा फ्लॅश म्हणजे क्षणभर पेटणारी छोटी बॅटरी असते, तो अक्षता थांबवत नाही. तो बंद ठेवा, शेजारच्याच्या मोबाइलची टॉर्च पांढऱ्या रुमालाआडून बाजूनं धरायला सांगा आणि चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लावा.